कबड्डीचे फोटो: ऑटोफोकस ठेवू की मॅन्युअल? मदत हवी आहे

मंडळी,

तालुक्यातल्या कबड्डी सामन्यांचे फोटो काढते. मातीचं मैदान, सामने रात्री प्रकाशझोतात. कॅमेरा कॅनन ७डी मार्क २, लेन्स ८५ मिमी एफ १.८. शटर १/८०० च्या खाली नेत नाही, म्हणून आयएसओ ६४०० आणि ॲपर्चर एफ २.

चढाईपटूचा चेहरा हवा म्हणून बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे बसते. साहजिकच मध्ये बचावपटूंच्या पाठी येतात. एआय सर्व्होवर (हलत्या खेळाडूमागे सतत फिरणारा ऑटोफोकस) चढाईपटूला धरलं, की कोपरा आणि कव्हर या जागांवरचे बचावपटू हात धरून मधून सरकतात आणि फोकस त्यांच्या पाठीवरच्या नंबरवर जाऊन बसतो. तो परत येईस्तोवर पकड झालेली असते. घोट्याला हात पडतो तो क्षण हमखास धूसर.

१९८५ ला मिनोल्टा ७००० आला, त्याआधी खेळांचे फोटो बहुतेक हातानेच फोकस करून निघत. एका जागी फोकस लावायचा आणि खेळाडूची वाट बघायची. कबड्डीत तर रेषा आखलेल्याच आहेत. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. कुणाला न शिवता परतायचं तर निदान रेषा ओलांडावीच लागते. मग लेन्स मॅन्युअलवर टाकून त्या रेषेवर फोकस बांधून ठेवावा का? की सर्व्होच्या सेटिंगमध्येच उपाय आहे?

या पोरांचे खेळतानाचे धड फोटो कुणाकडेच नाहीत, म्हणून जीव तुटतो. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, रेषेवर बांधलेला फोकस इथे दगा देईल. एफ २ ला ६ मीटरवर तीक्ष्ण पट्टा जेमतेम ४० सेंमीचा. रेषा ओलांडायला पाय टाकताना पाऊल पुढे आणि चेहरा बराच मागे असतो. रेषेवर पाऊल तीक्ष्ण येईल, चेहरा नाही. मिनिटागणिक जागा बदलणाऱ्या खेळात मी सर्व्होच ठेवीन, पण दोन बदल करून.

पहिला, एएफ (ऑटोफोकस) मेनूतल्या तयार सेटिंगपैकी केस २ निवडा. तो मध्ये काही आलं तरी धरलेल्या खेळाडूला चटकन सोडत नाही. झोन (फोकस पॉइंटांचा मोठा गट) नको, एक पॉइंट आणि त्याच्या शेजारचे चार पुरेत, आणि तो पॉइंट छातीवर ठेवा.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. शटरवरून फोकस काढून फक्त एएफ-ऑन बटणावर द्या. अंगठा दाबलेला असेपर्यंत सर्व्हो चालतो, उचलला की फोकस तिथेच थांबतो. कोपरा आडवा येताना दिसला की अंगठा उचला, गेला की पुन्हा दाबा. लेन्सवरचं बटण हलवायची गरजच नाही. सवय व्हायला सराव सामने लागतील.

आणि पकडीसाठी कधीतरी समोरच्या टोकाला, चढाईपटूच्या संघामागे बसून बघा. पकडीत अडकलेला गडी मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा चेहरा आणि पसरलेला हात दोन्ही तुमच्याकडे असतात.

धागाकर्ती:

अंगठ्याचं आजच बदलते. समोरच्या बाजूला बसले तर ८५ पुरेल का, की लांब लेन्स लागेल?