ग्रुपवर: सासूबाईंच्या खोलीत कॉर्कची फरशी घालावी का?

वैशाली, बी-३०४: नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. टाइल्सवर पाय गार पडतात, दुखतात म्हणतात. इंटिरिअरवाला सगळ्या घरात कॉर्क फ्लोअरिंग करा म्हणतोय, तब्येतीला चांगलं म्हणे. कुणी केलंय का?

अण्णा, ए-१०१: बाटलीच्या बुचावर चालायचं? 😄

रोहिणी मावशी, सी-२०२: बुचाचं झाड माहेरी दारातच होतं. पांढऱ्या फुलांचा काय घमघमाट!

संदीप, ए-४०२: मावशी, ते झाड वेगळं. कॉर्कचं झाड हा ओकचा प्रकार, सगळ्यात जास्त पोर्तुगालात. झाड तोडत नाहीत, दर ९ वर्षांनी नुसती साल काढतात, तेच कॉर्क.
वहिनी, पुण्यात हेच काम करायचो म्हणून सांगतो. गुडघ्यांना बरं वाटतं, खरंय. सालीच्या बारीक पेशींत हवा असते, पाय टेकला की दबते, उचलला की वर येते. ओट्याशी तासभर उभं राहिलं की फरक कळतो. पडलं तर मार थोडा कमी बसतो, पण हाड मोडणारच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या हवेमुळेच फरशी पायातली ऊब ओढत नाही. पण मे महिन्यात ४३-४४ असताना दुपारी उघड्या शहाबादीवर पाठ टेकतो ना आपण? तो गारवा विसरा. धूळ-अॅलर्जीचं सांगतात ते कार्पेटच्या तुलनेत. रोज पुसल्या जाणाऱ्या टाइल्सपुढे त्यात नवीन काही नाही.

रोहिणी मावशी: आणि धुवायची कशी? मी तर सणावाराला बोअरचं पाणी बादल्यांनी ओतते.

संदीप: तेच तर! ओलं फडकं चालतं, पण पाणी साचलं की सांध्यातून आत शिरतं, कडा फुगतात. बाथरूमच्या दाराशी नकोच. वहिनी, फक्त आजींच्या खोलीत करा. बुचाचा भुगा रेझिनने जोडतात, चिकटवायची फरशी असेल तर खाली गोंदही लागतो, म्हणून फॉर्माल्डिहाइडचा (त्यातून सुटणारा, डोळ्या-नाकाला झोंबणारा वायू) रिपोर्ट आधी मागा, तो सुटण्याचं प्रमाण ई-१ वर्गातलं किंवा त्याहून कमी हवं. वास जाईपर्यंत आजींना हॉलमध्ये झोपवा.

अण्णा: त्याआधी वॉकरचे रबर झिजलेत का बघा. ते पहिल्यांदा बदला.

वैशाली: बघते अण्णा. सासूबाई म्हणतायत, तोवर पलंगाशी जुनी सोलापुरी चादर दुमडून अंथर.

संदीप: अहो नको! सटकते, वॉकर अडकतो. अंथरली असेल तर आत्ताच काढा.

वैशाली: काढली 🙏