सत्तर तासांचं पीपीएल, आणि म्हणे आफ्रिकेत जा!

शेपटीचाक: काल एका मुलाने विचारलं, "पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) आहे, उड्डाणाचे सत्तर तास झालेत, परदेशात उडवायचं काम मिळेल का?" त्यावर मुक्तपक्षी यांचं उत्तर: "इथे रांगेत कुजू नकोस. बोट्स्वानात माऊनला जा. दारात उभा राहील त्याला काम मिळतं." आणि त्यावर लाइकांचा पाऊस! रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

अहो, पीपीएलवर पगार घेऊन टुरिस्ट नेता येत नाहीत. आपल्याकडे नाही, बोट्स्वानातही नाही. आधी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स: डीजीसीएच्या (आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाने 200 तास, त्यातले 100 पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. मग तिथे त्या लायसन्सला मान्यता (व्हॅलिडेशन), मग वर्क परमिट. माऊनहून ओकावांगोच्या सफारी कॅम्पांवर सेस्ना 206 ही छोटी विमानं जातात, नवखे ती उडवतातही, कबूल. पण आता तिथली मुलंही सीपीएल घेऊन उभी आहेत. त्यांना डावलून परमिट तुम्हाला का देतील? शिवाय विमा कंपनी आधी लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, मागते. पोराच्या बापाचे पैसे आहेत हो, जरा जपून सल्ले द्या.

मुक्तपक्षी: मी माऊनला राहून आलोय. तुम्ही? सीझनच्या आधी पोचलो, खोली भाड्याने घेतली, रोज त्याच विमान कंपन्यांच्या दारांवर सीव्ही घेऊन फिरलो. आधी विमानं धुतली, सामान वजन करून चढवलं. मग 206 मिळालं. कच्च्या धावपट्टीवर हत्ती असला तर आधी वरून एक फेरी मारून हाकलायचा, मग उतरायचं. हे बारामतीच्या फ्लाइंग स्कूलच्या फेऱ्यांमध्ये शिकवत नाहीत. ईमेलवर तिथे कुणी ढुंकून बघत नाही, माझा मुद्दा तेवढाच होता. सीपीएल लागतं हे मी गृहीत धरलं होतं.

शेपटीचाक: गृहीत धरलं होतं! सत्तर तासवाल्याला सांगताना?

रनवे_२७: "पीपीएलवर पगार नाही" हे सरसकट खरं नाही. युरोपात पीपीएलवाला इन्स्ट्रक्टर शिकवण्याचे पैसे घेऊ शकतो.

शेपटीचाक: वा, सापडली पळवाट. मात्र त्या इन्स्ट्रक्टर रेटिंगला पीपीएलवाल्याकडे 200 तास हवेत, त्यातले 150 पीआयसी, वर सीपीएलची थिअरी. आपल्या सत्तर तासवाल्याचे राहिले फक्त 130. बाकी तुमचं बरोबर, घ्या.

जळगावचा_बाप: माझी मुलगी परदेशातून सीपीएल करून आली. एजंटने "तिथेच नोकरी लागते" म्हणून सांगितलं होतं. केळीची जमीन विकली. परत आल्यावर लायसन्स कन्व्हर्जनसाठी पुन्हा डीजीसीएचे पेपर, पुन्हा खर्च. एजंट फोन उचलत नाही. तुमचे हत्ती राहू द्या, आधी या एजंटांवर कुणीतरी लिहा.

फिनिक्सची_मावशी: दादा, वाईट वाटलं. अमेरिकेतला अनुभव सांगते. इथे एअरलाइनला बहुतेकांना 1500 तास लागतात, म्हणून 250 तासवाली मुलं सीएफआय, म्हणजे इन्स्ट्रक्टर, होऊन शिकवतात आणि तास जमवतात. आपल्या मुलांची खरी मेख व्हिसा. शाळेत एम-1 व्हिसावर प्रवेश मिळतो की एफ-1 वर, हे पैसे भरण्याआधी विचारा. एफ-1 वर ओपीटीचं (शिक्षणाला जोडून कामाच्या परवानगीचं) एक वर्ष पगारी शिकवता येतं, एम-1 वर तसं नाही. मी तसेच तास जमवले.

कोरा_कागद: म्हणजे 250 तासवाला 0 तासवाल्याला शिकवणार! आंधळ्याने आंधळ्याला काठी धरून न्यावं तसं. आणि यालाच अमेरिकन शिस्त म्हणायचं?

फिनिक्सची_मावशी: इन्स्ट्रक्टरच्या उजव्या सीटवर बसून विद्यार्थ्याचं फसलेलं लँडिंग सावरून बघा, मग बोला. त्यात जे शिकले ते एकटीने डोंगराभोवती घिरट्या घालून शिकले नसते.

कोरा_कागद: मग 1500 चा नियम तरी का? 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ विमान पडलं, 50 माणसं गेली, आणि त्यातून हा कायदा झाला. पण त्या दोन्ही वैमानिकांचे तास 1500 पेक्षा जास्तच होते! स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल संपत असताना, कंट्रोल मागे ओढला, तो तास कमी पडले म्हणून नव्हे. युरोपात 200 तासवाला एअरबसच्या उजव्या (को-पायलटच्या) सीटवर बसतोच की. आपल्याकडेही बसतो.

रनवे_२७: आपल्याकडच्या तासांचं नकाच काढू. 2011 ला बनावट गुणपत्रिकांवर एटीपीएल (एअरलाइन कॅप्टनला लागणारं लायसन्स) काढलेले पकडले गेले होते. लॉगबुकांचं तर काय सांगावं.

फिनिक्सची_मावशी: ठीक. बफेलोचं खरं आहे. पण नियम मी केला नाही, मला तो पाळावा लागला. तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांना आंधळे म्हणालात, ते शब्द मागे घ्या.

कोरा_कागद: विद्यार्थ्यांना म्हटलेलं मागे. इन्स्ट्रक्टरबद्दल बघू.

मुक्तपक्षी: चार दिवस हेच चालू दे. तोवर माऊनचा सीझन संपेल.

सत्तर_तास: प्रश्न मीच विचारला होता. सगळं वाचलं. एक सांगायचं राहिलं, माझं मेडिकल (वैद्यकीय तपासणीचं सर्टिफिकेट) क्लास 2 आहे. त्याहून कडक क्लास 1 अजून केलेलं नाही. चष्मा आहे आणि लहानपणी दमा होता.

शेपटीचाक: अरे बाबा! सीपीएलला क्लास 1 लागतं. आधी ते कर, मग माऊन, मग फिनिक्स. दम्याची जुनी कागदपत्रं असतील तर ती शोधून ठेव. तपासणीत काही लपवू नकोस.

मुक्तपक्षी: याबाबतीत शेपटीचाक बरोबर आहेत. दुर्मिळ प्रसंग आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.