थंडीत अंघोळीऐवजी काय?

कुणीतरी थंडीत कुत्र्या-मांजरांना अंघोळीऐवजी टाल्कम पावडर चोळा म्हटलंय. ती नकोच. बारीक धूळ नाकात जाते, आणि मांजर अंग चाटून सगळी पोटात घेतं. त्यापेक्षा कॉर्नफ्लोअर बरं. थोडं हातावर घेऊन केसांच्या मुळाशी चोळायचं, ५-१० मिनिटांनी ब्रशने पूर्ण झाडून काढायचं. तेलकटपणा आणि वास बराच कमी होतो.

पण खरं काम ब्रशचंच. नाशिकची जानेवारीतली पहाट, त्यातून निफाडकडची, म्हणजे कुत्र्याला ओलं करायची वेळच नव्हे! रोज विंचरलं की गळलेले केस, कोंडा निघतो आणि त्वचेचं तेल केसभर पसरतं. काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नका, आत बसतो. वाळला की झाडा. पंजे कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून बोटांमधली जागा कोरडी करा.

द्राक्षबागेत फवारणीचं औषध अंगावर उडालं असेल तर मात्र ही कोरडी सफाई चालणार नाही. धुवायलाच हवं, आणि लगेच डॉक्टरांना फोन. (पडलेली द्राक्षंही खाऊ देऊ नका, कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.)

मांजरवाल्यांनो, फिनेल, टी ट्री तेल अजिबात नको. कुत्र्यांची परमेथ्रिनवाली (हे कीटकनाशक) गोचीड पावडर तर मांजराच्या जिवावर बेतते. आणि मांजराने स्वतःला चाटणंच सोडलं असेल तर आधी दात-तोंड तपासून घ्या.