मदत हवी आहे: घरची चार मतं बाहेर आहेत, ऑनलाइन देता येतात का? (तातडीचं)

फोंडेकर७५ | १४ एप्रिल २०२४, सकाळी ९.१०
नमस्कार मंडळी. ७ मेला आमच्या गोव्यात लोकसभेचं मतदान. आमच्या घरात आठ मतं, त्यातली चार या वेळी वाया जाणार असं दिसतंय. वीजबिल मोबाइलवर, जमिनीचा एक-चौदाचा उतारा मोबाइलवर, मग मत का नाही? ऑनलाइन किंवा पोस्टाने द्यायचं तर अर्ज कुठला आणि कुठे नेऊन द्यायचा, एवढंच सांगा. जो तो वेगळंच सांगतो. कृपया राजकारण नको, उत्तर हवं.
ता.क. या वेळी चान्स कोणाचा वाटतो? घरात त्यावरून दोन तट पडलेत.

खाजनवाला | ९.२४
राजकारण नको आणि चान्स कोणाचा, दोन्ही एकाच दमात! बाबा, आधी हे सांग, चार मतं कोणाची? माणसं आहेत कुठे?

फोंडेकर७५ | ९.३१
बाहेर आहेत म्हटलं ना. एक बोटीवर, एक पुण्याला, वगैरे. ऑनलाइनचं विचारतोय, माणसं कुठेही असली तरी काय फरक पडतो?

निवृत्त_मास्तर | ९.५०
सगळा फरक तिथेच पडतो. लोकसभेला ऑनलाइन मत कोणालाच देता येत नाही, हे आधी डोक्यातून काढा. सैन्यातल्या लोकांना मतपत्रिका इंटरनेटवरून मिळते, पण तीसुद्धा भरून टपालानेच परत पाठवावी लागते. बोटीवर म्हणजे नौदलात की मर्चंट नेव्हीत? आणि मतदारसंघ कुठला?

फोंडेकर७५ | ९.५८
माझा भाऊ क्रूझवर आहे. फोंडा तालुका.

प्रियोळची_सुलभा | १०.०५
तालुका सांगून उपयोग नाही हो. आम्ही प्रियोळवाले फोंडा तालुक्यात राहून उत्तर गोव्याला मत देतो. फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिणेत. तुम्ही कुठले?

फोंडेकर७५ | १०.११
मडकई. पण भावाच्या मताचा मडकईशी काय संबंध?

निवृत्त_मास्तर | १०.३०
चान्स विचारलात म्हणून संबंध. भावाचं ऐका. टपालाची सोय सेवा मतदारांना असते, म्हणजे सैन्यदलं, राज्याबाहेर नेमलेलं सशस्त्र पोलीस दल, सरकारच्या नोकरीत परदेशी असलेले. खाजगी कंपनीच्या बोटीवरचा खलाशी त्यात बसत नाही. गोव्यातले खलाशी कधीपासून मागणी करतायत, पण नियम तोच आहे. नाव मात्र यादीतून कोणी काढू शकत नाही, कारण तात्पुरता बाहेर गेल्याने घरचा रहिवास सुटत नाही. काँट्रॅक्ट संपवून ७ मेच्या आत घरी आला तर मत देईल.

माड_आणि_माती | १०.४१
सोपा उपाय सांगतो. नोटरीकडून मुखत्यारपत्र करून घ्या, भावाचं मत तुम्ही टाका. आमच्या मामांनी जमिनीचा सगळा व्यवहार असाच केला.

निवृत्त_मास्तर | १०.४६
जमिनीचा व्यवहार आणि मत यांत फरक आहे हो! दुसऱ्याच्या वतीने मत टाकण्याची मुभा फक्त सैन्यदलांतल्या ठरावीक वर्गाच्या सेवा मतदारांना आहे. बाकी कोणाचं मत टाकायला गेलात तर तो गुन्हा. कृपया असले सल्ले देऊ नका.

कोडकरी | ११.०२
याच्यावर कायमचा उपाय म्हणजे मोबाइल. आधार, ओटीपी, बोटाचा ठसा, झालं. एस्टोनिया २००५ पासून इंटरनेटवर मतदान घेतोय, आणि लोकसंख्या साधारण आपल्या गोव्याएवढीच. आपण अजून शाळेच्या वर्गात रांगा लावतोय.

प्रियोळची_सुलभा | ११.१५
आमच्या वाड्यावर पंचायतीचा पंच संध्याकाळी येऊन पडवीत बसेल आणि म्हणेल, 'दाखव बाय मोबाइल, दाब बघू.' शाळेतल्या पुठ्ठ्याच्या आडोशाला तरी आत कोणी येत नाही. एवढी एकच जागा आहे जिथे सासूबाई माझ्यावर लक्ष ठेवू शकत नाहीत.

कोडकरी | ११.२२
एस्टोनियात एकदा दिलेलं मत मुदतीत पुन्हा बदलता येतं. पंच गेला की बदला.

खाजनवाला | ११.२६
पंच आमच्याकडे जेवूनच जातो.

मडकईकार | ११.४०
मूळ प्रश्नाचं कोणी बोलतच नाही. चान्स! मडकईतून आमचे आमदार सुदिनबाब सांगतील तिकडे मतं जाणार, त्यांचा मगो पक्ष भाजपबरोबर आहे, म्हणजे इथली आघाडी पक्की. बाकी तुम्ही मोजत बसा.

साष्टीकार | ११.५२
दक्षिण म्हणजे मडकई नव्हे पात्राव. २०१९ मध्ये काँग्रेसचे सार्दिन जिंकले ते ९,७५५ मतांनी, आणि ती आमच्या साष्टी तालुक्याच्या जोरावर. तुमच्या तीन मतदारसंघांतली सगळी आघाडी साष्टीने पुसून काढली. या वेळी काँग्रेसचे विरियातो आहेत, आपने उमेदवार मागे घेतलाय, मतं फुटायचं एक दार बंद झालं.

मडकईकार | ११.५८
आणि आरजी, म्हणजे रेव्होल्यूशनरी गोवन्स? त्यांचे रुबर्ट परेरा काय फक्त हात हलवायला उभे आहेत? आरजी खाणार ती मतं कोणाची, ते सांगा. शिवाय सार्दिनना तिकीट नाकारलंय, त्यांची माणसं मनापासून फिरणार आहेत का?

साष्टीकार | १२.०६
उमेदवार पल्लवीताईंचं नाव जाहीर होईपर्यंत भाजपवाल्यांनाच माहीत नव्हतं, ती माणसं मनापासून फिरणार का ते आधी बघा.

खाजनवाला | १२.१५
गोव्यात कोण निवडून येणार हा अर्धाच प्रश्न असतो. निवडून आल्यावर कुठे जाणार, तो पुरा. २०१७ च्या विधानसभेला काँग्रेसचे १७ आले, सरकार कोणाचं झालं? २०१९ मध्ये दहा भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये अकरातले आठ. लोकसभेला निदान दोनच खुर्च्या, उड्या मारायला जागा कमी.

फोंडेकर७५ | १२.३०
अहो, माझी चार मतं! भावाचं कळलं. पुण्याचं सांगा. भाचा पुण्यात नोकरीला आहे, नाव इथेच आहे.

कोडकरी | १२.३८
त्याच्यासाठी रिमोट मशीन येणार होतं ना? दुसऱ्या शहरात बसून आपल्या गावचं मत.

निवृत्त_मास्तर | १२.५५
येणार होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असा नमुना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. भाच्याला गाडीत बसवा. त्या दिवशी त्याला पगारी सुट्टी मिळायला हवी. कंपनी महाराष्ट्रात आहे म्हणून मतदाराचा हक्क जात नाही, हे त्याच्या एचआरला कायद्याच्या कलमासकट दाखवा: लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब.

माड_आणि_माती | १.०४
यंत्रच नको. कागद आणा. पंचायतीला आपण अजून कागदावर शिक्का मारतोच की, काही बिघडलं का? सुप्रीम कोर्टात उगाच सुनावणी चाललीय का?

निवृत्त_मास्तर | १.२८
मी कागदावरही ड्युटी केलीय आणि यंत्रावरही. ईव्हीएमवर अख्ख्या विधानसभेची निवडणूक सगळ्यात आधी झाली ती गोव्यातच, १९९९ ला. व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, सगळ्या मतदारसंघांत एकदम लावलं तेही गोव्यातच, २०१७ ला. नवीन काही आलं की आधी आपल्यावर प्रयोग, चाळीसच मतदारसंघ ना.
काम कसं चालतं ते सांगतो. मतदानाआधी दीड तास, म्हणजे पहाटे साडेपाचला, एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. सगळे एजंट डोळे चोळत बसलेले, कोणी कुठलं बटण दाबलं ते कागदावर लिहायचं. मग क्लोज, रिझल्ट, क्लियर ही बटणं. क्लियर विसरलं की मेलात, ती पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळतात. मग व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीच्या मागे शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील. दिवसभर लोक विचारतात, 'चिठ्ठी घरी नेऊ का?' सात सेकंद काचेतून बघायची आणि ती आत पडते.
माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, मोजणीबद्दल आहे. प्रत्येक बूथचा आकडा वेगळा बाहेर येतो. हजारभर माणसांच्या बूथवर कुठल्या वाड्याने कोणाला टाकलं हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळतं आणि मग नळ कोणाला येतो तेही ठरतं. १४ यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर आयोगाने २००८ सालीच सुचवलं होतं. केंद्राने मानलं नाही. सुधारणा करायची तर तिथून करा, ओटीपीवरून नव्हे.

साष्टीकार | १.४०
बूथवार आकडे बंद झाले तर आमच्यासारख्यांनी चान्स मोजायचा कसा? फॉर्म २०, म्हणजे बूथवार निकालाचा तक्ता, वाचून तर मी इथे बोलतो.

प्रियोळची_सुलभा | १.४४
तेच तर दुखणं आहे ना बाब. तुम्हाला मोजायला मिळतं, आम्हाला भोगायला.

काणकोणचा_पाहुणा | २.१०
मंडळी, माझ्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव चुकलंय. फॉर्म ८ भरू का?

खाजनवाला | २.१२
नवीन धागा काढा हो. (भरा, पण घाई नको. यादीत नाव असलं की आधार किंवा पासपोर्ट दाखवून या वेळी मत देता येईल.)

फोंडेकर७५ | २.३०
दोन मतं झाली. तिसरं आईचं. ती चालू शकत नाही. चौथा चुलतभाऊ, तो इंग्लंडात स्विंडनला असतो, पण ६ तारखेला गोव्यात येतोय, त्यामुळे त्याचं काही अडत नाही असं वाटतंय.

निवृत्त_मास्तर | २.३४
चुलतभावाचा पासपोर्ट कुठला?

फोंडेकर७५ | २.४१
पोर्तुगीज. पण मतदार कार्ड आहे त्याच्याकडे, यादीत नावही आहे. मी स्वतः तपासलं.

साष्टीकार | २.४५
देवा! त्याला केंद्राजवळ फिरकूसुद्धा देऊ नका.

निवृत्त_मास्तर | ३.०२
साष्टीकार बरोबर सांगतात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तसं स्पष्ट आहे. यादीत नाव राहिलं ही यादीची चूक, त्याने मताचा हक्क परत येत नाही. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी नुसता जन्म लिस्बनला नोंदवला असेल तर त्यावर वकील भांडू शकतात, पासपोर्ट हातात आहे तिथे भांडायला काही उरत नाही. नाव कमी करायला फॉर्म ७ असतो.

माड_आणि_माती | ३.१०
आमच्या गावात अशी पन्नास नावं आहेत, कोणी विचारत नाही.

निवृत्त_मास्तर | ३.१२
विरुद्ध पक्षाचा एजंट तुमच्यासमोर खुर्चीवर बसलेला असतो. गावातला माणूस स्विंडनला आहे हे त्याला माहीत असतं. तो विचारतो.

फोंडेकर७५ | ३.२०
म्हणजे जो येऊ शकतो त्याला चालत नाही आणि ज्याला चालतं तो येऊ शकत नाही. वा! आईचं तरी सांगा. तिला खुर्चीवर उचलून नेऊ का? मागच्या वेळी तसंच नेलं होतं.

प्रियोळची_सुलभा | ३.२५
आईंचं वय काय?

फोंडेकर७५ | ३.२७
८६. का?

प्रियोळची_सुलभा | ३.३१
अहो मग हे सकाळीच सांगायचं! ८५ च्या वरच्यांना घरी मत देता येतं. आधी ८० होतं, गेल्याच महिन्यात ८५ केलं. फॉर्म १२ डी. बीएलओ, म्हणजे बूथचा यादी अधिकारी, तुमच्याकडे आला नाही का?

फोंडेकर७५ | ३.३६
कोणी आलं नाही. आलं असलं तरी मी कामावर असतो.

निवृत्त_मास्तर | ३.४८
आता इथलं सगळं वाचणं बंद करा आणि उठा. अधिसूचना शुक्रवारी १२ तारखेला निघाली. १२ डी त्यानंतर पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो, म्हणजे १७ पर्यंत. आज रविवार, त्यात आंबेडकर जयंती. १७ ला बुधवारी रामनवमी. तुमच्या हातात खऱ्या अर्थाने सोमवार आणि मंगळवार. बीएलओचा नंबर १९५० वर फोन केला की मिळतो, मतदार यादीच्या साइटवरही असतो. एक लक्षात ठेवा, १२ डी मंजूर झाला की आईला केंद्रावर मत देता येत नाही. मग खुर्ची नाही.

मडकईकार | ३.५५
आईचं मत कोणाला?

खाजनवाला | ३.५७
तिच्या मुलालाही ते माहीत नसणार, तुम्हाला कुठून सांगणार.

कोडकरी | ४.२०
अर्ज भरायला घरी माणूस, गोळा करायला माणूस, मग मतदान घ्यायला पुन्हा माणसं. एका मतासाठी एवढा फौजफाटा, आणि म्हणे मोबाइल परवडत नाही.

प्रियोळची_सुलभा | ४.२६
२०२२ ला फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला, सांतआंद्रेत ७६ ने. एका मताला फौज आली तर येऊ दे.

फोंडेकर७५ | १६ एप्रिल, रात्री ८.१५
बीएलओ बाईंना काल गाठलं. शेजारच्या वाड्यावरच राहतात, मला पत्ताच नव्हता. आज सकाळी घरी येऊन अर्ज घेऊन गेल्या, पोच दिली. आईने सही करायला अर्धा तास घेतला, अंगठा नको म्हणाली. भाच्याचं बसचं तिकीट काढलं, ५ तारखेच्या रात्रीचं. चुलतभावाला कळवलं, तो रागावलाय.
आता एकच प्रश्न. मतदान घ्यायला येतील तेव्हा आईला नीट दिसत नाही, मी शेजारी बसून खूण केली तर चालेल का?

निवृत्त_मास्तर | ८.४०
दिसतच नसेल किंवा हात चालत नसेल तर सोबती घेता येतो, १८ वर्षांवरचा. सोबत्याने मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं असतं, आणि एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. नुसतं अंधूक दिसत असेल तर चष्मा द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. येण्याची तारीख आधी कळवतात, उमेदवारांच्या माणसांनाही कळवतात, चित्रीकरणही होतं. पण मतपत्रिकेवर खूण करताना कॅमेरा तिच्यावर नको, हे तुम्ही दारातूनच सांगा.

मडकईकार | ८.४४
चष्म्याचा नंबर बदलून घ्या आधी. मतपत्रिकेवरची नावं बारीक असतात.

फोंडेकर७५ | ८.५०
उद्या रामनवमी, दुकान बंद. परवा नेतो.