मदत हवी आहे: इंदिरा गांधींचा १९७५चा खटला. सुटका पुराव्यावर झाली की कायदा बदलल्यामुळे?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात या खटल्यावर अर्धा तास बोलायचं कबूल केलं आहे. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका, कायद्यातलं फारसं कळत नाही. घटनाक्रम जुळवला, पण एका गाठीपाशी अडकले आहे.

मला समजलंय ते असं. १९७१ साली रायबरेलीत समाजवादी नेते राजनारायण इंदिराबाईंकडून १,११,८१० मतांनी पडले आणि त्यांनी निवडणूक याचिका केली. गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह वापरलं, मतदारांना ब्लँकेटं-धोतरं वाटली, असे बरेच आरोप होते. ते टिकले नाहीत. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. जगमोहनलाल सिन्हांनी १२ जून १९७५ला ग्राह्य धरले ते दोनच. एक, सभांची व्यासपीठं आणि लाउडस्पीकरची वीज यासाठी उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेतली. दुसरा यशपाल कपूर यांचा. ते पंतप्रधान सचिवालयात राजपत्रित अधिकारी होते. त्यांनी १३ जानेवारी १९७१ला राजीनामा दिला, तो मंजूर झाल्याची अधिसूचना २५ जानेवारीला निघाली, आणि प्रचाराचं भाषण तर त्यांनी ७ जानेवारीलाच केलं होतं. इंदिराबाई २९ डिसेंबर १९७०पासूनच उमेदवार होत्या, असं न्यायालयाने धरलं. निवडणूक रद्द, सहा वर्षं अपात्र.

सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी २४ जूनला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहता येईल, लोकसभेत मत देता येणार नाही. २५ जूनच्या रात्री आणीबाणी. तोवर बाईंची बाजू मांडणाऱ्या नानी पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. (हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.)

माझी गाठ इथून पुढे आहे. ऑगस्टमध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व कायदा पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे जुन्या निवडणुकांनाही लागू होईल असा, बदलला. ‘उमेदवार’ म्हणजे रीतसर अर्ज भरलेला माणूस, अशी व्याख्या झाली, आणि बाईंचा अर्ज १ फेब्रुवारीचा, म्हणजे कपूर यांच्या राजीनाम्यानंतरचा. शिवाय ३९व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेरच काढली. ७ नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींनी (त्यात आपले पुण्याचे य. वि. चंद्रचूडही होते) या घटनादुरुस्तीचं ते कलम रद्द केलं, पण निवडणूक वैध ठरवली.

मग जुनाच कायदा असता तर निकाल काय लागला असता? या पाचांपैकी कोणी या प्रश्नाला थेट हात घातला आहे का? निकालपत्र फार लांब आहे. कुठला भाग आधी वाचू, एवढं कोणी वकील मंडळींनी सांगितलं तरी माझं काम होईल.

हे नीट कळून घ्यायचंच आहे, कारण भाषणाला माझे मामा येणार आहेत. आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय स्थानबद्ध करणारा कायदा) नाशिकरोडच्या तुरुंगात होते ते. शेजारी मावशी बसेल. तिच्या देवघराशेजारी अजून इंदिराबाईंचा फोटो आहे, आणि ‘एवढ्याशा कारणावरून खासदारकी घेतात का?’ हा तिचा पन्नास वर्षांचा सवाल आहे. दोघांनाही मला खरं तेच सांगायचं आहे.

आणखी एक. ‘सरकारी नोकराची मदत’ हा भाग लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७)मध्ये येतो. त्याच्यावर मराठीत सोप्या भाषेत कुणी लिहिलं असेल तर नाव सुचवा. आणि १२ जूनची बातमी ज्यांनी त्या दिवशी रेडिओवर ऐकली असेल, त्यांनी तेव्हा कुठे होतात, घरात काय बोलणं झालं, तेही जरूर लिहा.