फॉस्टर करायचंय: मांजराची दोन पिल्लं की तीन पायांची चिंगी?

ठाण्याची_मृणाल

नमस्कार मंडळी. मी रविवारी सकाळी एका शेल्टरमध्ये मदतीला जाते. पिंजरे धुणं, भांडी घासणं, कुत्र्यांचा भात कालवणं, इतकंच. पावसामुळे तिथे जागा उरलेली नाही, म्हणून तिथल्या बाईंनी विचारलं, कुणाला तात्पुरतं घरी नेशील का?

दोन पर्याय आहेत. एक, आई नसलेली मांजराची दोन पिल्लं, साधारण पाच आठवड्यांची. दुसरा, चिंगी. दोन-तीन वर्षांची गावठी कुत्री, गाडीखाली आल्यामुळे मागचा एक पाय काढावा लागला, टाके अजून ओले आहेत. स्वभावाने गरीब.

आमचं घर टूबीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाल्कनीला उभ्या गजांचं ग्रिल. मुलगा सहावीत आहे, त्याला दोन्ही हवंय आणि आजच हवंय. नवरा म्हणतो, "आण, पण परत द्यायच्या दिवशी रडायचं नाही." सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांचं देवघर हॉलमध्येच. त्या या विषयावर काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांचं मत पक्कं आहे.

आधी कुणाला आणू? खर्च कोण करतं? आणि सोसायटीचं काय?

गावठी_जिंदाबाद

चिंगीला न्या. मांजराची पिल्लं गोंडस असतात, त्यांना कुणी ना कुणी नेतंच. तीन पायांच्या मोठ्या कुत्रीला कोण विचारतो? आणि मोठं कुत्रं सोपं असतं हो. सहसा जिथे झोपतं तिथे घाण करत नाही, बाहेर न्यायची वाट बघतं.

सिस्टरबाई

मृणाल, मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका, मुक्काम डोंबिवली. निवृत्तीनंतर हाच उद्योग. आमचे हे येणाऱ्या प्रत्येक मांजराला "पाहुणे" म्हणतात आणि रात्री दोनला उठून बाटलीही तेच देतात. तुला अगंतुगं करतेय, चालेल ना?

वर भाऊंनी चिंगीचं सुचवलंय ते मनापासून आहे, पण त्यांनी तुझा जिना वाचलेला दिसत नाही. तीन पायांवर कुत्रं छान जगतं, पळतंसुद्धा. टाके ओले असताना मात्र दिवसातून तीन-चार वेळा तीन मजले चढ-उतार म्हणजे एक तर टाके उसवणार, नाही तर तू तिला उचलून नेणार. घरात गुळगुळीत टाइल्स. खाली गेटपाशी सोसायटीची कुत्री आहेत, ती नव्या कुत्रीला सहजासहजी उभी करत नाहीत. आणि नव्या जागी पहिले काही दिवस कुत्रं घाबरून पट्ट्यातून मान काढून पळतं, हे शेल्टरवाल्यांना विचार, प्रत्येकाकडे अशी एक तरी कथा असते. चिंगीला तळमजल्यावरचं घर शोधा. त्यासाठी इथे वेगळा धागा काढ, मी पसरवते.

तू पिल्लं आण. दोन्ही एकत्रच, जोडी फोडू नका. एकटं पिल्लू जास्त रडतं आणि खेळताना जोरात चावायला शिकतं, कारण त्याला उलटं चावणारं कुणी नसतं.

पहिलं काम, ती घरभर सोडायची नाहीत. एक बाथरूम किंवा लहान खोली त्यांची. ब्लीचने धुता येईल अशी हवी. काळं फिनेल मांजराच्या खोलीत अजिबात नाही. त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाहीत आणि पाय चाटताना ते सगळं पोटात जातं. पातळ केलेलं ब्लीच, एकास तीस, लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करायचं. तुमच्याकडे किंवा शेजारी याआधी मांजराची पिल्लं जुलाब-उलट्यांनी गेली असतील तर शेल्टरला आधी सांग. तो विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो.

बाल्कनीचं ग्रिल: डोकं मावलं की पिल्लू मावलं. जाळी लागेपर्यंत दार बंद.

खाणं म्हणजे पिल्लांचं ओलं खाद्य, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, पाणी नेहमी भरलेलं. गाईचं दूध नको, जुलाब होतात. शी-शूच्या ट्रेसाठी गुठळ्या होणारी वाळू आणू नको, या वयात पिल्लं ती चाटतात. लाकडी पेलेटची चालेल, नाही तर फाडलेला पेपर. खोक्यात गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्याच्या अर्ध्याच भागात. नको झालं तर सरकता आलं पाहिजे.

आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा त्यांच्यासाठी बाजूला काढ. या वयात साधारण अर्धा किलो असतात आणि रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवीत. वजन थांबलं की मी डॉक्टरला फोन करते, लक्षणाची वाट बघत नाही. पिल्लं मऊ पडून झोपली की लोकांना वाटतं दमलीत.

सासूबाईंच्या गोळ्या उंचावर. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पिल्लाला एका गोळीचा तुकडाही पुरे. देवाला लिलीची फुलं घालत असाल तर तीही नको.

आता माझ्या व्यवसायाचं. ओरखडा उठला किंवा चावलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरची काही नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीचा कोर्स सुरू कर. पिल्लांना रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात, तोवर तुझ्या मुलाची काळजी तूच घ्यायची. आणि तू दर रविवारी पिंजरे धुतेस, तर आगाऊ लस घेतली आहेस का? नसशील तर घे. ती घेतल्यावरही चावलं तर दोन डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, टोचून घ्यायची वेळ येत नाही.

खर्चाचं आधीच लिहून घे, व्हॉट्सॲपवर का असेना. डॉक्टर कुणाचा, बिल कुणाचं, रात्री दोनला कुणाला फोन, तुम्ही गावी गेलात तर पिल्लं कुठे, आणि शेवटची तारीख कोणती. काही संस्था खाद्य देतात, काही फक्त औषधं, काही दोन्ही नाही. जी संस्था या प्रश्नांवर रागावते तिच्याकडून पिल्लू घेऊ नये, हे माझं मत. आणखी एक, पिल्लं शेल्टरचीच राहतात. शेजारच्या काकूंना आवडली म्हणून परस्पर द्यायची नाहीत. घर बघणं, नसबंदीचं वचन घेणं, हे शेल्टरवाले करतील.

एवढा खटाटोप कशासाठी, असं यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. मांजराचं पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाची सवय लावून घेतं. पिंजऱ्यात त्याला शेजारच्या पिंजऱ्यातली सर्दी लागते आणि माणूस दिसतो तो सुई घेऊन. तुझ्याकडे ते कुकरची शिट्टी, दाराची बेल, सहावीतल्या मुलाचं ओरडणं ऐकेल. असं पिल्लू पाहायला माणसं आली की ते पलंगाखाली लपत नाही, म्हणून त्याला घर लवकर मिळतं.

रडण्याचं म्हणशील, तर रड. नवऱ्याला सांग, सिस्टरबाई दर वेळी रडतात.

खजिनदार_अकाउंटंट

सोसायटीबद्दल: भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. पण भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी वेगळं बोला. आणि आधी सेक्रेटरींना चहाला बोलवा. मी सोसायटीचा खजिनदार आहे, चहावर जे मिटतं ते परिपत्रक दाखवून मिटत नाही.

ठाण्याची_मृणाल

सगळ्यांचे आभार, विशेषतः सिस्टरबाई. घर स्वतःचं आहे. चिंगीचा धागा आज रात्री काढते, @गावठी_जिंदाबाद तुम्हीही तिथे या.

घडामोड: सासूबाईंनी दुपारी विचारलं, "त्यांना दूधभात चालेल ना?" म्हणजे मत बदललंय. दूध नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलेलं नाही.

शनिवारी आणतेय. मागचं बाथरूम ठरलंय. तिथे एक्झॉस्ट फॅन काढलेली जागा मोकळी आहे, पुठ्ठ्याने बंद केली तर चालेल?

सिस्टरबाई

पुठ्ठा नको, बाथरूममध्ये ओला होऊन एका पंजात फाटेल. जाळी ठोकून घे, सुताराला उद्याच फोन कर. कमोडचं झाकण बंद, बादल्या रिकाम्या. आणि सासूबाईंना वजनाची वही सांभाळायला दे, दुधाचा विषय आपोआप मागे पडेल.