घरच्या प्रिंटरवर पार्सलची लेबले छापण्यासाठी कोणता कागद घ्यावा?

प्रश्न (हस्तकला_घरची):
मी घरी बनवलेल्या वस्तू पार्सलने पाठवते. सध्या इंकजेट प्रिंटरवर साध्या ८० जीएसएम कागदावर लेबल छापते, कापते आणि चिकटपट्टीने खोक्यावर लावते. पार्सले वाढल्यामुळे या कापाकापीत फार वेळ जातो, शिवाय पाण्याचा थेंब पडला की शाई फुटून पत्ता वाचेनासा होतो. चिकट पाठीचे कागद घ्यायचे ठरवले आहे. परंतु साधे, तकतकीत, इंकजेटचे, लेझरचे असे इतके प्रकार दिसतात की नेमके काय घ्यावे ते कळत नाही. थर्मल प्रिंटरच घ्यावा, असेही काही जण सुचवतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (शाई_आणि_टोनर):
कागद निवडण्याआधी आपल्या प्रिंटरमधील शाई कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, कारण आपली अडचण कागदापेक्षा शाईची अधिक आहे. डाय प्रकारची शाई पाण्यात विरघळते, तर पिगमेंट शाईतील रंगाचे कण कागदाच्या धाग्यांत अडकून बसत असल्यामुळे ती वाळल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. घरगुती वापराच्या बऱ्याच इंकजेट प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. अशा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार फोटो किंवा तकतकीत असा निवडला, तर कित्येकदा काळ्या शाईऐवजी रंगीत शायांच्या मिश्रणातून काळा रंग तयार केला जातो आणि चांगली शाई असूनही लेबल धुऊन निघते. म्हणून प्रकार साधा कागद हाच ठेवावा, छपाई फक्त काळ्या रंगात करावी आणि शाई वाचवणारा ड्राफ्ट पर्याय लेबलापुरता बंद ठेवावा. एक लेबल छापून पूर्ण वाळू द्यावे, त्यावर पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवावे; काळा ओघळ आला, तर शाई डायची आहे असे समजण्यास हरकत नाही.

पिगमेंट शाई असेल, तर साधा, चकाकी नसलेला, चिकट पाठीचा ए-४ कागद पुरेसा आहे. तकतकीत कागदाचा मोह टाळावा. तो देखणा दिसतो खरा, पण बारकोडवर प्रकाश पडून चकाकी आली की स्कॅनरला काळ्या-पांढऱ्या रेषांतील फरक ओळखणे कठीण जाते. शाई डायची असेल, तर इंकजेटसाठी बनवलेला जलरोधक लेबल-कागद घ्यावा किंवा छापलेले लेबल पारदर्शक पाकिटात घालून ते पाकीट खोक्यावर चिकटवावे.

पुढे लेझर प्रिंटर घेतलात, तर हेच कागद त्यात घालू नयेत. लेझरमध्ये टोनर, म्हणजे शाईऐवजी वापरली जाणारी कोरडी पूड, उष्णतेने वितळवून कागदावर बसवला जातो आणि त्या उष्णतेत इंकजेटच्या कागदावरील लेप किंवा गोंद पाघळून आतल्या रुळांना चिकटू शकतो. पाकिटावर लेझरचा स्पष्ट उल्लेख असेल तेच कागद वापरावेत. अर्धी लेबले सोलून घेतलेला कागद पुन्हा प्रिंटरमध्ये घालण्याची काटकसरही नको. उघड्या पडलेल्या कडा आत उचकटतात आणि मग दुरुस्तीचा खर्च कागदाच्या कितीतरी पट होतो.

प्रतिसाद (मोजपट्टी):
मापाचा मुद्दा राहिला. लेबलांच्या बऱ्याच फाइली ४ × ६ इंचांच्या, म्हणजे सुमारे १०२ × १५२ मिलिमीटरच्या असतात. ए-४ कागदाचे चार भाग केले, तर प्रत्येक भाग १०५ × १४८.५ मिलिमीटर होतो. म्हणजे रुंदीला लेबल बसते, उंचीला मात्र जेमतेम ४ मिलिमीटर कमी पडतात. त्यामुळे फाइल किंचित लहान करावी लागते किंवा कडेचा भाग कापला जातो. त्यापेक्षा एका पानावर दोन लेबले असलेला कागद घ्यावा आणि मूळ मापातच, म्हणजे १०० टक्क्यांवर छपाई करावी. बारकोडच्या दोन्ही टोकांना असलेली कोरी जागा स्कॅनरसाठी आवश्यक असते, ती कापू नये. तसेच बारकोड खोक्याच्या कडेवरून दुमडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

हस्तकला_घरची:
आभारी आहे. थेंबाची चाचणी केली. काळी शाई जागची हलली नाही. तरीही लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी का? आणि थर्मलचा विचार सोडून द्यावा का?

प्रतिसाद (खोकी_आणि_दोरी):
चिकट पाठीचा कागद असेल, तर चिकटपट्टीची गरज नाही. पट्टीला सुरकुती पडली किंवा तिची चकाकी आली, तर बारकोड वाचला जात नाही. खोके ओलसर किंवा धुळकट असेल, तर आधी कोरड्या फडक्याने पुसावे आणि लेबल मध्यापासून कडांकडे तळहाताने दाबत जावे.

थर्मलमध्ये शाई किंवा टोनर लागत नाही. कागदावरील लेप उष्णतेने काळा पडतो. नखाने जोरात ओरखडा काढला तरी त्यावर काळी रेघ उमटते, आणि छापायची बाजू ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. मात्र हीच संवेदनशीलता पुढे नडते. असा कागद उन्हात किंवा तापलेल्या वाहनात राहिला, तर काळवंडू किंवा पुसट होऊ शकतो, आणि काही चिकटपट्ट्यांच्या गोंदामुळेही छपाई फिकट पडते. काही दिवसांत पोहोचणाऱ्या पार्सलासाठी एवढी चिंता करण्याचे कारण नाही. रोज पार्सले जात असतील, तर कापणे आणि शाई दोन्ही वाचतात, त्यामुळे थर्मल प्रिंटर घ्यावा; आठवड्याला मोजकीच जात असतील, तर आपला इंकजेट आणि दोन लेबलांचा साधा चिकट कागद यांवर माझ्या मते उत्तम भागेल. उरलेले कागद मूळ पाकिटात, आडवे आणि कोरड्या जागी ठेवावेत; दमटपणाने त्यांना बाक आला की ते प्रिंटरमध्ये अडकू लागतात.